फरशीतून येणारी थंडी

खोबरेलाची बाटली उलटी केली आणि थेंबही हलला नाही की घराला थंडी लागली असं समजावं. खोबरेल 24 अंशांच्या आसपास थिजतं, हवामान खात्याच्या बातमीची वाट पाहत नाही. मग कपाटातून स्वेटर निघतात, कोणी तरी डिंक आणतं. घरातलं कुत्रं यातलं काही करत नाही. ते फक्त जागा बदलतं. उन्हाळाभर न्हाणीघराच्या दाराशी पोट टेकून आडवं पसरणारं जनावर एका सकाळी पायपुसण्यावर दिसतं. पायपुसणं हातभर, कुत्रं दीड हात, त्यामुळे शेपूट आणि एक पाय बाहेरच. तो त्याचा अर्ज असतो.

आपल्याला थंडी वाऱ्यातून लागते, म्हणून आपण खिडक्या लावतो. कुत्र्याला ती जास्त करून फरशीतून लागते. शहाबादी असो, ग्रॅनाइट असो की चकचकीत टाइल, दगड अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगानं ओढून घेतो. त्यावर नुसती गोधडी टाकली तर कोपर आणि कंबर टेकतात तिथे ती दाबून पापडासारखी होते, म्हणजे गारठा लागायचा तिथेच लागतो. पाट, फळी किंवा बाज अशी चार-पाच इंच उंच काही वस्तू खाली हवी, तिच्यावर गोणपाट, मग चौपदरी गोधडी. जागा दोन दारांच्या मधल्या झोतात नको. बाहेर राहणाऱ्या कुत्र्याचं खोकं तर मुद्दाम लहान असावं: आत वळता यावं, एवढंच. मोठं खोकं त्याच्या अंगाच्या उबेनं तापत नाही. आत चादरीऐवजी भाताचा सुका पेंढा घालावा. चादर दंव पिऊन ओली राहते, पेंढा लवकर सुकतो, आणि कुत्रं त्यात स्वतःला गाडून घेतं.

पुरेसं उबदार आहे का, हे झोपण्यावरून कळतं. कुशीवर, पाय लांब सोडून झोपलं तर काळजी नाही. वेटोळं करून नाक शेपटीखाली गेलं की गारठा जाणवतोय. वेटोळं करूनही दर दहा मिनिटांनी उठून जागा बदलत असेल तर अंथरूण कमी पडतंय. कुडकुडणं वाईट दिसतं, पण ते शरीराचं काम आहे. भीती त्याच्या पुढच्या पायरीची. कान-पाय गार, चाल जड आणि कुडकुडणं मात्र थांबलेलं, असं दिसलं तर थर्मामीटर लावावा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश. ते 37 च्या खाली गेलं तर कोरड्या कपड्यात गुंडाळून आधी छाती-पोट उबवायचं, पाय चोळत बसायचं नाही, आणि डॉक्टरांकडे निघायचं.

स्वेटर कोणाला हवा, यावर गोंधळ फार. लॅब्रेडोर, जर्मन शेफर्ड यांच्या वरच्या केसांखाली लोकरीसारखा दुसरा थर असतो, त्यांना निफाडच्या कडाक्यातही सहसा गरज पडत नाही. खरा हक्क कारवानीचा, म्हणजे आपल्याकडच्या सडपातळ शिकारी जातीच्या कुत्र्याचा. पळण्यासाठी घडलेलं अंग, बरगड्या मोजता याव्यात इतकी कमी चरबी, केस आखूड. पग, डॅक्सहुंड, म्हातारी आणि आजारी कुत्री हीही त्याच रांगेतली. माप मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत घ्यावं, गळ्यात दोन बोटं सहज जावीत. नराच्या पोटाखाली कापड आखूड हवं, नाहीतर लघवीनं भिजतं, आणि भिजलेला स्वेटर नसलेल्यापेक्षा वाईट. दुपारी तो काढून बगलेत बोट फिरवावं. केसांच्या गाठी आणि पुरळ तिथेच होतात.

आंघोळ महिन्यातून एकदा, कोमट पाण्यानं, भर दुपारी. संध्याकाळी मुळीच नाही.

पण थंडीत कुत्र्याला धोका हवेपेक्षा आपल्या फळीवरच्या वस्तूंचा अधिक. आजीच्या गुडघ्याला चोळलेलं दुखीचं जेल कुत्रं प्रेमानं चाटतं. त्यातलं डायक्लोफेनॅक त्याच्या पोटात आणि मूत्रपिंडात दगा करतं. कापराचं, निलगिरीचं बामही तसंच. अंग गरम लागतंय म्हणून माणसाची पॅरासिटामॉल द्यायची नाही. डिंकाच्या लाडवातले बेदाणे तर निरुपद्रवी वाटतात, पण बेदाणे-मनुकांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. किती खाल्ल्यावर होईल याचा नेम नाही, एखाद्याला थोडेही बाधतात. लाडू पळवला हे कळताच, त्रास दिसायची वाट न बघता, डॉक्टरांना फोन करावा. (मेथीचा लाडू बहुतेक कुत्री हुंगून सोडून देतात, घरातल्या मुलांसारखीच.) कोळशाची शेगडी बंद खोलीत नकोच, ना त्याच्यासाठी, ना आपल्यासाठी.

आपल्याकडे थंडीत गल्लोगल्ली कुत्री व्यायलेली असतात. नवजात पिल्लाला पहिले काही दिवस कुडकुडताही येत नाही. ते नुसतं गार आणि गप्प पडतं. अशा पिल्लाला लगेच दूध पाजायची घाई नडते. अंग गार असताना आतडी काम करत नाहीत, दूध पोटात तसंच राहतं किंवा श्वासनलिकेत जातं. कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवावी, किंवा स्वेटरच्या आत पोटाशी धरावं, आणि धीर धरावा. ऊब आली की पिल्लू कुरकुरतं, आंधळेपणानं तोंड इकडेतिकडे मारू लागतं. मग त्याला आईपाशी ठेवायचं. ती बहुतेकदा शेजारच्या गाडीखालून सगळं बघत असते.