बाईकचे कागद सांभाळताना

बाईकवर देशामागून देश करताना भीती कशाची वाटते असं बरेच जण विचारतात. रस्त्याची नाही वाटत, कागदाची वाटते. बॉर्डरवर तुम्ही एक प्रवासी आणि बाईक दुसरी, दोघांची खिडकी वेगळी, शिक्का वेगळा. पासपोर्टवर शिक्का पडला की माणूस खूश होऊन किक मारतो आणि बाईकचा कागद राहिला असेल तर ते बाहेर पडताना अंगाशी येतं.

२०१९ ला मी इराण, अझरबैजान, कॅस्पियन समुद्र ओलांडून कझाकस्तान, मग उझबेकिस्तान, ताजिकिस्तान असा गेलो. इराणला कार्ने लागतं, म्हणजे बाईकचा पासपोर्टच. ऑटोमोबाईल असोसिएशन डिपॉझिट नाहीतर बँक गॅरंटी घेऊन ते देते, मुदत १ वर्ष. प्रत्येक पानाचे ३ भाग. आत शिरताना कस्टमवाला खालचा फाडून घेतो, बाहेर पडताना मधला, वरचा आपल्याकडे राहतो आणि त्यावर दोन्ही शिक्के दिसलेच पाहिजेत. बाहेरचा नसेल तर त्यांच्या लेखी तुम्ही बाईक तिथेच विकली, आणि ड्युटीचा दावा तुमच्या डिपॉझिटवर.

आस्ताराला, म्हणजे इराण-अझरबैजान बॉर्डरवर, एक कस्टमचे साहेब तर चक्क उकिडवे बसले, हँडलखालच्या नळीवरचा चिखल स्वतःच्या रुमालाने पुसला आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये चासी नंबरचा एकेक आकडा कागदाशी ताडून पाहिला. तेव्हापासून रोज काही नाही धुतलं तरी बॉर्डरच्या आदल्या संध्याकाळी तेवढी जागा मी पुसायचोच.

कॅस्पियनची फेरीबोट हा वेगळाच प्रकार. बाकूच्या दक्षिणेला साधारण ७० किमीवर अलात बंदर, टाईमटेबल असं काही नाही, मालगाडीचे डबे आणि ट्रक भरले की बोट सुटते, वारा जास्त असला तर तीही नाही. तोवर पार्किंगमध्येच राहायचं, ट्रक ड्रायव्हरांबरोबर चहा प्यायचा. व्हिसाच्या तारखा इथेच गंडतात, त्यामुळे पुढच्या देशाचा व्हिसा घेताना हाताशी भरपूर दिवस ठेवा. बोटीत बाईक स्वतः बांधायची, पट्टे आपले असलेले बरे.

कझाकस्तानात मिळणारा कस्टमचा कागद रशिया, किर्गिझस्तान धरून युरेशियन युनियनच्या ५ देशांत चालतो. उझबेकिस्तान त्यात नाही, तिथे परत नवा. शिवाय उझबेकिस्तानात हॉटेलवाले रजिस्ट्रेशनची चिठ्ठी देतात, ती प्रत्येक मुक्कामाची जपून ठेवायची.

बाकी रोजचं आयुष्य अगदी साधं हो. सकाळी चेन बोटाने हलवून ढील बघायची, स्पोकवर पाना वाजवून सैल कुठला ते ऐकायचं, रॅकचे बोल्ट तपासायचे कारण खडबडीत रस्त्यावर तेच आधी पडतात. चेनला तेल मात्र संध्याकाळी, गरम असताना, म्हणजे आत मुरतं. प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली पाहिजे, नाहीतर एका रेनकोटसाठी भर पावसात अख्खी बॅग उपसावी लागते (आणि तो नेहमी तळाशीच असतो).

ताजिकिस्तानातल्या पामीरच्या डोंगरांसाठी ई-व्हिसासोबतच बदख्शानचं, म्हणजे त्या प्रांताचं, परमिट घेतलं होतं, चेकपोस्टवर ते मागतातच, झेरॉक्स ४-५ जास्तच ठेवा. मुर्गाबला पेट्रोल ड्रममधून बादलीने आणि नरसाळ्याने, मी जुन्या सुती कापडातून गाळून घ्यायचो आणि कापडावर उरलेला गाळ बघितला की वाटायचं बरं झालं. पुढे अक-बैताल खिंड ४६५५ मीटर, इंजिनला दम नाही आणि मलाही नाही, दुसऱ्या गिअरमध्ये गुपचूप चढायचं, फोटो काढायला पळापळ करायची नाही.

घरी आल्यावर झोपून जाऊ नका. बाईक परत आल्याचा कस्टमचा शिक्का कार्नेवर घ्या, सगळ्या पानांचे वरचे भाग तपासा आणि कार्ने असोसिएशनला जमा करा, त्याशिवाय डिपॉझिट सुटत नाही.