कुपनांच्या मापाने बेतलेली फॅशन

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्त्रियांच्या पोशाखाविषयी वाचताना मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवते ती त्या कपड्यांमागची आकडेमोड. १ जून १९४१ रोजी, एका रविवारी, सरकारने कपड्यांचे रेशनिंग अचानक जाहीर केले. बातमी आधी फुटून दुकानांवर झुंबड उडू नये म्हणून कपड्यांसाठी वेगळी कुपने छापलीच नव्हती. अन्नाच्या रेशनपुस्तकातील मार्गारिनची (लोण्याऐवजी वापरायच्या पदार्थाची) शिल्लक कुपनेच सुरुवातीला चालवण्यात आली. पहिल्या वर्षी प्रत्येक प्रौढाच्या वाट्याला ६६ कुपने आली. लोकरीच्या ड्रेसला ११, ब्लाउजला ५, बुटांच्या जोडाला ५ आणि लांब मोज्यांच्या जोडीला २ कुपने लागत, आणि वस्तूची किंमत वेगळी मोजावी लागेच. पुढील वर्षांत कुपनांची संख्या घटत गेली. त्यामुळे पैसा असलेल्या बाईलाही एखादा कोट घेण्यापूर्वी आपण वर्षभर आणखी काय घेणार नाही, याचा हिशेब करावा लागे.

केवळ किती कपडे घ्यावेत एवढेच ठरवून सरकार थांबले नाही, तर ते कसे शिवावेत हेही त्याने ठरवले. १९४२च्या काटकसरीच्या नियमांनुसार ड्रेसला दोनांपेक्षा जास्त खिसे, पाचांपेक्षा जास्त बटणे आणि स्कर्टला सहांपेक्षा जास्त शिवणी चालत नसत. चुण्यांनाही मर्यादा होती. चौकोनी खांदे, सरळ अंग, गुडघ्याच्या आसपास संपणारा अरुंद स्कर्ट ही त्या काळाची ओळख बनली. खांद्यांची ती ठेवण युद्धाच्या आधीच आली होती, हे खरे. परंतु कापड वाचवण्याच्या सक्तीने एरवी दोन-तीन वर्षांत मागे पडली असती अशी ठेवण दशकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकवून धरली.

या सक्तीतून निघालेले कपडे मात्र ओबडधोबड नव्हते. ‘सीसी ४१’ हे शिक्क्यासारखे चिन्ह असलेल्या, ‘युटिलिटी’ या सरकारी योजनेतील कपड्यांच्या कापडाचा दर्जा आणि विक्रीची किंमत दोन्ही नियंत्रित होती. ते कपडे म्हणजे गणवेश, असा समज पसरू नये यासाठी बोर्ड ऑफ ट्रेडने, म्हणजे सरकारच्या व्यापार खात्याने, नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीज, डिग्बी मॉर्टन यांसारख्या लंडनच्या नामवंत फॅशनकारांकडून १९४२मध्ये नमुने करून घेतले. राजघराण्याचे कपडे बेतणाऱ्या हाताचा कोट कारखान्यातील मुलीच्या आवाक्यात आला, ही गोष्ट मला त्या काळातील कोणत्याही भरजरी पोशाखापेक्षा अधिक महत्त्वाची वाटते.

बाकीचे काम घरोघरी झाले. जुने कपडे उसवून नवे बेतावेत, पुरुषांच्या सुटांतून स्त्रियांचे सूट काढावेत, असे सल्ले सरकारी पुस्तिकाच देत होत्या. रेशीम पॅराशूटकडे वळल्याने मोजे मिळेनासे झाले, तेव्हा पाय रंगवून पोटरीवर पेन्सिलने शिवणीची रेघ ओढली जाई. टोप्यांना कुपन लागत नसे, तरीही कारखान्यांत केस यंत्रात अडकू नयेत म्हणून बांधलेला रुमालच अधिक रूढ झाला.

जर्मनव्याप्त पॅरिसमध्ये चित्र निराळे होते. तिथला फॅशनचा धंदाच बर्लिनला हलवण्याचा जर्मनांचा बेत पॅरिसच्या फॅशनकारांच्या संघटनेचे प्रमुख ल्युसिएं लेलाँ यांनी वाटाघाटींनी हाणून पाडला. चामडे नसल्याने बुटांना लाकडी तळ आले, आणि कापडाच्या तुकड्यांपासून कागदापर्यंत हाती लागेल त्यातून भल्यामोठ्या टोप्या घडल्या. शहर मुक्त झाल्यावर मित्रराष्ट्रांतील अनेकांना हा डामडौल खटकला. एकीकडे काटकसर देशभक्ती ठरली होती, तर दुसरीकडे उधळपट्टीलाच शत्रूची खोडी काढणे म्हटले जात होते. हे दुसरे समर्थन मला पूर्णपणे पटत नाही, कारण त्या टोप्यांच्या गिऱ्हाइकांत काळाबाजारवालेही होते.

लेलाँ यांच्याकडेच काम केलेल्या क्रिस्तियाँ दिओर यांनी १२ फेब्रुवारी १९४७ रोजी आपला पहिला संग्रह मांडला: उतरते खांदे, आवळलेली कंबर, पोटरीपर्यंत आलेला घेरदार स्कर्ट. त्याला ‘न्यू लूक’ हे नाव अमेरिकी फॅशन मासिकाच्या संपादिका कार्मेल स्नो यांच्यामुळे मिळाले. टंचाईला कंटाळलेल्या मनांची ही भूक होती, असे नेहमी सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण दिओर यांना भांडवल पुरवणारे मार्सेल बुसाक हे कापडगिरण्यांचे मालक होते, हेही विसरता कामा नये. एकेका पोशाखाला कित्येक वार कापड लागणे त्यांच्या तोट्याचे खासच नव्हते.

ब्रिटनमध्ये तेव्हाही कुपने चालूच होती. मंत्री स्टॅफर्ड क्रिप्स यांनी लांब स्कर्टला विरोध केला. त्याच वर्षी राजकन्या एलिझाबेथ यांच्या लग्नासाठी लोकांनी प्रेमाने पाठवलेली कुपने, दुसऱ्याला देणे बेकायदा असल्यामुळे, परत करावी लागली. तरीही तरुणींनी जुन्या स्कर्टला खाली वेगळ्या कापडाची पट्टी जोडून नवी लांबी साधली. म्हणजे टंचाईत शिकलेली शिवणकलाच टंचाईविरुद्धच्या बंडाला उपयोगी पडली.

कपड्यांचे रेशनिंग १५ मार्च १९४९ रोजी संपले, युटिलिटी योजना १९५२मध्ये. १९३९मध्ये पॅरिसमधील आपले फॅशनगृह बंद केलेल्या फॅशनकार कोको शनेल १९५४मध्ये, सत्तरीत, परतल्या त्या मऊ, सरळ, खरोखर वापरता येणारे खिसे असलेले सूट घेऊन. पॅरिसने त्यांना थंडपणे वागवले, अमेरिकी स्त्रियांनी मात्र ते उचलले. त्या सुटाचे नाते मला दिओर यांच्या घेरापेक्षा १९४२च्या युटिलिटी सुटाशी अधिक जवळचे वाटते.