सुपरचार्ज्ड एस्टीमला इलेक्ट्रिक वॉटर पंप: आजवरचं काम

इंजिन गार ठेवणारं पाणी फिरवायला विजेवरचा पंप बसला, त्याचा वेग ठरवणारा कंट्रोलर जोडून झाला आणि गाडी पुन्हा रोजच्या वापरात आली. गाडी माझी मारुती एस्टीम. १२९८ सीसीचं जी१३बीबी इंजिन, १६ व्हॉल्व्ह, त्यावर ऐसिनचा एएमआर ५०० सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप), बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, ५ पीएसआयच्या आसपास.

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात, "याने पॉवर वाढते का?", म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. पॉवरसाठी हे काम करू नका. गाडीचा मूळ पंप इंजिनच्या बेल्टवर फिरतो आणि त्याला लागणारी शक्ती आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३००० ला जेवढी लागते, त्याच्या आठपट ६००० ला. त्यामुळे कागदावर बचत मोठी दिसते. पण माझा इलेक्ट्रिक पंप पूर्ण वेगात साडेसात अँपिअर ओढतो, म्हणजे साधारण १०० वॅट. ती वीज शेवटी अल्टरनेटरच बनवणार, आणि त्यात होणारी घट धरली तर क्रँककडून पावणेदोनशे वॅट जातातच. वरच्या आरपीएमला थोडं सुटतं, नाही असं नाही. पण पुण्यात आपण ६००० ला असतो किती वेळ?

खरा मुद्दा ट्रॅफिक सिग्नलचा आहे. घाटात बूस्टवर गाडी ताणायची आणि लगेच नवले पुलाच्या गर्दीत अडकायचं. त्या वेळी हेडमध्ये (सिलिंडरच्या वरच्या झाकणात) सगळ्यात जास्त उष्णता साठलेली असते आणि इंजिन आयडलला असल्यामुळे बेल्टवरचा पंप सगळ्यात हळू फिरत असतो. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (सुपरचार्जर किंवा टर्बो नसलेली) गाडी हे खपवून घेते. सुपरचार्जर लावल्यावर हेड गरम राहिलं, की सिग्नल सुटल्यावर पहिल्याच पिकअपला नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याची खटखट) ऐकू येतं. पाणी इंजिनच्या वेगावर नाही, तर इंजिनच्या तापमानावर फिरलं पाहिजे, एवढ्यासाठीच हा सगळा खटाटोप. ही काही हौशी लोकांची टूम नाही. बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये एन५२ इंजिनात हेच केलं आणि तिसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये टोयोटाने इंजिनवरचा बेल्टच काढून टाकला.

मी डेव्हिस क्रेगचा मिनिटाला ८० लिटरवाला पंप आणि त्यांचाच डिजिटल कंट्रोलर घेतला. पंप रेडिएटरच्या खालच्या होजमध्ये, जमेल तितका खाली बसतो, बाण इंजिनकडे. पंपाचं तोंड स्टॉक (गाडीच्या मूळ) होजपेक्षा मोठं आहे, त्यामुळे रिड्यूसर (मोठ्या-लहान तोंडांचे जोड) लागले. ब्रॅकेट लावला नाही. होजवरच तोलून ठेवलाय, म्हणजे इंजिनचे हादरे त्याच्या बेअरिंगला पोचत नाहीत.

जुन्या वॉटर बॉडीचं, म्हणजे बेल्टवरच्या मूळ पंपाचं, काय करायचं, यावर बराच विचार केला. पूर्ण काढून प्लेट मारता आली असती, पण सुपरचार्जरच्या पुलीला बेल्टची पकड मिळते ती वॉटर बॉडीच्या पुलीमुळेच. ती गेली तर तिथे आयडलर (बेल्टला नुसता आधार देणारी पुली) बसवावा लागतो. म्हणून बॉडी, शाफ्ट आणि पुली ठेवली, फक्त इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चक्र) काढला. मी पुलर लावून ओढायच्या तयारीत होतो. भोसरीचे आमचे टर्नर काका म्हणाले, "अहो, ओढू नका, सील जाईल. द्या इकडे, लेथवर घेतो." त्यांनी इंपेलर शाफ्टलगत टूल लावून कापला. शाफ्टचं टोक इतकं गुळगुळीत आलं, की बोट फिरवल्यावर जोड कुठे होता ते कळत नाही. या इंजिनात वॉटर बॉडी काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, तेव्हा बेल्ट आणि टेन्शनर नवीनच घाला. नाना पेठेत दोन्ही मिळाले.

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरचा रस्ता उघडणारा व्हॉल्व्ह) काढला आणि बायपासचा रस्ता बंद केला. बायपास उघडा राहिला तर पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरत राहतं.

आता हीटर. याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. स्टॉक गाडीत हीटरचं परतीचं पाणी जुन्या पंपाच्या ओढीच्या बाजूला येऊन मिळतं. नवा पंप खालच्या होजमध्ये गेला, की तीच जागा दाबाच्या बाजूला येते. म्हणजे हीटरच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच दाब, आणि मधलं पाणी उभं. पुण्यात हीटर लागतो कितीसा, असं वाटेल. पण तो एक छोटा रेडिएटर आहे, आणि तिथे पाणी थांबलं की हवाही तिथेच अडकते. म्हणून खालच्या पाइपला, पंपाच्या आधी, एक नळी वेल्ड करून घेतली आणि परतीचा होज तिथे वळवला. पूर्ण कामातला हा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा आहे, असं माझं मत.

वायरिंग सरळ आहे. बॅटरीवरून थेट फ्यूज, इग्निशनचा सिग्नल, फॅनचा रिले. सेट पॉइंट, म्हणजे कंट्रोलरने राखायचं तापमान, ८५ अंश. इंजिन थंड असताना पंप थोडा वेळ फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. तापमान चढेल तसा वेग वाढतो आणि त्यानंतर फॅन लागतो. चावी काढल्यावरही पंप आणि फॅन दोन-तीन मिनिटं चालू राहतात.

पण एका सेन्सरवर विसंबून राहू नका. वरच्या होजमधला सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवरच खरं सांगतो. होज फुटून पाणी गेलं तर तो नुसत्या हवेत लटकतो आणि तापमान खाली आल्यासारखं दाखवतो, तिकडे हेड मात्र जळत असतं. म्हणून हेडच्या धातूवर वेगळा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) आणि डॅशबोर्डखाली बझर लावलाय. हा खर्च टाळू नये.

भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं निम्मं. बोअरचं पाणी नको, क्षार साठतात. गाडीचं नाक चढावर, हीटर पूर्ण गरमवर आणि इंजिन बंद ठेवून नुसता पंप चालवायचा. बुडबुडे थांबेपर्यंत कॅप उघडी ठेवायची. इंजिन सुरू न करता हवा काढता येते, ही मोठीच सोय आहे. कॅप ०.९ बारचीच ठेवली. पुणे ५६० मीटरवर, इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. कॅप धड नसेल तर बाकी सगळं केलेलं वाया.

चाचणीला सिंहगड, तोही रविवारचा. डोणज्याच्या पुढे रांग लागली की पहिल्या गिअरमध्ये रांगत चढायचं. वेग नाही, समोरून वारा नाही, भार मात्र भरपूर. आधी याच चढावर तापमान १०३ अंशांपर्यंत जायचं आणि वर गाडी बंद केल्यावर ओव्हरफ्लोच्या बाटलीत गुडगुड सुरू व्हायची. आता सर्वांत वरचा आकडा ९२. त्याहून जास्त समाधान दिलं ते गाडी बंद केल्यानंतरच्या नोंदीने. पूर्वी हेडचं तापमान बंद केल्यावर आठ-दहा अंश चढायचं. आता ते लगेच उतरायला लागतं.

कात्रजच्या जुन्या घाटात सलग बूस्टवरही ९० च्या आत राहिली. इंपेलरचा भार गेल्यामुळे ५००० च्या पुढे बेल्टचं किंचाळणंही थांबलं, हे मी धरलं नव्हतं.

राहिलेली कामं: एसी पूर्ण चालू, हेडलाइट आणि फॅन एकत्र असताना आयडलला व्होल्टेज १३ च्या खाली येतं, तेव्हा अल्टरनेटरची पुली थोडी लहान करून घ्यायची आहे. इनटेक मॅनिफोल्डमधून (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधून) जाणारं गरम पाणी वळवायचं की नाही, तेही ठरवायचंय. कुणी जी१३बीबीवर ते केलं असेल, तर सकाळी थंड इंजिनवर गाडी कशी वागते ते जरूर कळवा. एप्रिलच्या उन्हात वरंधा घाट करून पुढचे आकडे टाकतो.