मृगाआधी जॅकेट बाहेर काढा

बेळगावात जुनं कातडी फ्लाइट जॅकेट, म्हणजे बहुधा दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं वैमानिकांचं जॅकेट, वापरून फाटल्याचं फारसं बघायला मिळत नाही. ते वाया जातं जून ते सप्टेंबर, कपाटात टांगलेलं असताना. अंगावर चढतं ते नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, तेही सकाळी किंवा रात्री. उरलेले आठ-नऊ महिने ते कपाटातच असतं, म्हणून सुरुवात कपाटापासून करू.

मृग लागायच्या आधी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी, जॅकेट बाहेर काढा. खिसे रिकामे करा. दाढीच्या ब्रशसारख्या मऊ ब्रशनं कोरडंच झाडा. कॉलरच्या खाली, खिशाच्या झाकणाच्या आत, चेनमागच्या वाऱ्याच्या पट्टीत आणि काखेच्या शिवणीत धूळ बसलेली असते, आणि बुरशी पहिल्यांदा तिथंच धरते. मग सावलीत, वारा लागेल असं अर्धा दिवस ठेवा. उन्हात टाकू नका. ऐंशी वर्षांचं कातडं उन्हात आवळतं, मग घडी पडते तिथं चिरतं.

हँगर लाकडी, खांद्याकडे चार-पाच सेंटिमीटर जाड असावा. तारेच्या हँगरनं खांद्यावर टोकं येतात, ती पुन्हा बसत नाहीत. वर जुन्या सुती धोतराची किंवा धुतलेल्या चादरीची पिशवी घाला. ड्रायक्लीनिंगवाल्याकडून आलेली प्लास्टिकची पिशवी त्याच दिवशी काढून टाका, आतला दमटपणा तिच्यातच कोंडतो. पावसाचा मारा ज्या भिंतीवर येतो तिला कपाट टेकवू नका, दहा-बारा सेंटिमीटर जागा सोडा. आत दमटपणा मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर ठेवा. दमटपणा ६५ टक्क्यांच्या वर दिवसचे दिवस राहिला की बुरशी येणारच. खानापूरकडे, जास्त पावसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

एक-दोनच जॅकेटं असतील तर पावसाळ्यापुरता सोपा उपाय म्हणजे घट्ट झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा. जॅकेट आडवं ठेवा, बाह्यांत आणि घडीच्या जागी पांढऱ्या टिश्यू कागदाच्या गुंडाळ्या घाला, आणि साधारण ५०-६० लिटरच्या डब्याला अर्धा किलो सिलिका जेल कापडी पिशवीत घालून कडेला ठेवा. रंग बदलणारी जेल घ्या. रंग उतरला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येते. उघड्या कपाटात हीच जेल ठेवली तर दोन दिवसांत संपते. डबा पंधरा दिवसांनी उघडून बघायचा, तेवढं मात्र चुकवू नका.

बुरशी आलीच, तर ओलं फडकं फिरवू नका. ओल्या फडक्यानं ती पसरते आणि कातड्याच्या रंध्रांत बसते. जॅकेट घराबाहेर न्या, तोंडाला मास्क बांधा, आधी वाऱ्यावर पूर्ण वाळू द्या. पांढरा थर पिठासारखा सुटा झाला की ब्रशनं झाडा आणि ब्रश नंतर साबणानं धुवा.

आता तेल. आपल्याकडे कातडं दिसलं की खोबरेल लावायचा मोह होतो. चपलेला चालत असेल, इथं चालत नाही. तेलानं कातडं काळवंडतं, चिकट होतं, धूळ धरतं, शिवणीचा सुती दोरा कुजायला मदत होते, आणि बुरशीला खाद्य मिळतं. रंगीत बूटपॉलिशही नको, ते कॉलरवरून मानेला लागतं आणि मूळ रंग कायमचा झाकतं. कातडं मऊ असेल तर काहीच लावू नका. कडक झालं असेल तर कातड्याचं चांगलं कंडिशनर आतल्या जागेवर थेंबभर लावून एक दिवस थांबा, मग कापडावर घेऊन अगदी पातळ हात द्या. बोटाला लालसर भुकटी लागत असेल तर ते कातडं आतून संपलेलं आहे. त्यावर तेल, मलम काहीच उपयोगी पडत नाही. असं जॅकेट बघायचं, घालायचं नाही.

पितळी टिचबटणांभोवती कधी हिरवा मेणचट थर दिसतो. कातड्यातलं तेल आणि तांब्याचा अंश यांतून तो तयार होतो. लाकडी दातकोरणीनं खरवडा आणि कोरड्या कापसानं पुसा. पितळ चकचकीत करायची पॉलिश वापरलीत तर तिची पांढरी पूड कायमची शिवणीत राहते.

विकत घेताना नाव ऐकून भुलू नका. अमेरिकी सैन्याच्या हवाई दलाचं ए-२ हे जॅकेट १९३१ सालचं. घोड्याचं कातडं, सैन्याच्या काही खरेदी करारांत शेळीचं. पाठ एकाच तुकड्याची, मध्ये शिवण नाही. कॉलरची टोकं टिचबटणानं खाली बसतात, खांद्यावर पट्ट्या, पुढचे दोन खिसे झाकणाचे, आणि हात ऊबेला घालायचे बाजूचे खिसे नाहीतच. ते असतील तर जॅकेट नंतरचं. मानेमागच्या लेबलवर ३०-१४१५ हा ड्रॉइंग क्रमांक असतो. पण लेबल हा पुरावा मानू नका. आजच्या चांगल्या नकलांत युद्धकाळातल्या कराराचे आकडे जसेच्या तसे विणलेले असतात. त्यापेक्षा चेन बघा. टॅलन, क्राउन, कॉनमार ही त्या काळची नावं, आणि चेनची कापडी पट्टी सुती असते. पॉलिस्टरची गुळगुळीत पट्टी दिसली तर निदान चेन तरी बदललेली आहे.

अमेरिकी नौदलाचं जी-१ जॅकेट ओळखणं सोपं. शेळीचं दाणेदार कातडं, मेंढीच्या लोकरीची कॉलर, आणि हात पुढे करता यावेत म्हणून पाठीत खांद्यामागे चुण्या.

दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा असतो, तो इथं फार कामाचा. शिवणीचा दोरा किंवा जॅकेटवर शिवलेल्या बिल्ल्याची कडा अंधारात निळसर पांढरी चमकली तर दोरा बहुधा युद्धानंतरचा. कपडे उजळवणारी रसायनं तेव्हा दोऱ्यात नव्हती. मात्र कोणी बिल्ला आजच्या पावडरीत धुतला असेल तर जुनाही चमकतो. म्हणून मागची, न धुतलेली बाजू बघा.

‘सांबऱ्याच्या विमानतळावरचं’ असं सांगून जॅकेट दाखवलं जातं. सांबऱ्याची धावपट्टी १९४२ची, रॉयल एअर फोर्सची, हे खरं. पण तेवढ्यानं जॅकेट तिथलं ठरत नाही. नाव, क्रमांक, सोबतचा कागद किंवा फोटो नसेल तर जॅकेटचीच किंमत द्या, गोष्टीची देऊ नका.

माप लेबलवरच्या आकड्यानं घेऊ नका. जॅकेट सपाट टेबलावर ठेवून काखेपासून काखेपर्यंत मोजा. छाती ३८ इंच असेल तर साधारण २१ इंच हवं. ए-२ मुळातच अंगाबरोबर आणि आखूड असतं. आतून स्वेटर घालायचा बेत असेल तर ते घेऊच नका. मेंढीच्या कातड्याचं अमेरिकी बी-३ किंवा ब्रिटिश आयर्विन जॅकेट बेळगावच्या थंडीला जास्तच होतं, ते केवळ संग्रहासाठी.

चेन लावताना खालची पेटी डाव्या हातात धरून दुसऱ्या बाजूची कांडी तिच्यात तळापर्यंत बसवा, मगच रनर सरळ वर ओढा. निम्म्यावर बसलेली कांडी ओढली की पेटी तुटते, आणि जुनी पेटी मिळत नाही. दातांवर पांढरी मेणबत्ती घासली तर रनर हलका चालतो.

मनगटाच्या आणि कमरेच्या लोकरी पट्ट्यांना कसर लागते. डांबरगोळ्या कातड्याला किंवा प्लास्टिकला टेकवू नका. लोकरी मफलर, मोजे यांच्यासाठी डीप फ्रीझर उत्तम. हवा काढून पिशवी बंद करा, उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी न उघडता राहू द्या. नाहीतर बाहेरची वाफ आत पाणी होऊन बसते.

शिवण उसवली तर मशीनवर देऊ नका. मशीनची सुई जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडते, आणि पोस्टाच्या तिकिटासारखी रांग झाली की कातडं त्याच रेषेवर फाटतं. अथणी-निपाणीकडचे चपला करणारे कारागीर हाताचे पक्के आहेत, पण त्यांची सवय जाड कातड्याची. आपलं कातडं जेमतेम मिलिमीटरभर असतं. त्यांना बारीक सुई द्या, जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवायला सांगा, आणि रबर सोल्यूशन लावू देऊ नका.

नायलॉनचं एमए-१ हे युद्धानंतरचं अमेरिकी फ्लाइट जॅकेट त्या मानानं सोशिक. थंड पाण्यात सौम्य साबण, पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं. नारिंगी अस्तर आहे म्हणून जुनं, असं समजू नका. ते साधारण १९६०पासून आलं. विमान पडल्यावर जॅकेट उलटं घातलं की शोधणाऱ्यांना लांबून दिसावं, हा त्याचा उपयोग.

वैमानिकांच्या जुन्या गॉगलच्या आणि ऑक्सिजन मास्कच्या रबरातून गंधक निघतं, पितळ काळं पडतं. म्हणून ते वेगळ्या डब्यात ठेवा. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैन्याच्या चीन-बर्मा-इंडिया विभागाचा बिल्ला मिळाला तर मागून नीट बघा. हे बिल्ले बऱ्याचदा इथंच, भारतात बनले, कातड्याचे रंगीत तुकडे जोडून किंवा जरीकाम करून. जरीची तार काळी पडली तरी घासू नका.

आणि कॅम्पात किंवा रेजिमेंटल सेंटरच्या बाजूला जाताना आजच्या भारतीय हवाई दलाचे पंख, पदाच्या फिती किंवा फॉर्मेशनचा, म्हणजे तुकडीचा, बिल्ला असलेलं जॅकेट घालू नका. सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा पोशाख घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसला तरी गेटवर उभं राहून समजावत बसावं लागेल. ए-२वर १९४४चा अमेरिकी बिल्ला असला तर तो प्रश्न उरत नाही.