पंखा बंद करा

विद्यार्थ्यांच्या ट्रेलरमधला तो शॉट जेमतेम चार सेकंदांचा. उंच इमारतीची गच्ची, मावळतीचा उजेड, कठड्याशी उभा असलेला मुलगा मागे वळून बघतो. खऱ्या गच्चीवर परवानगी मिळाली नाही (मिळूही नये), म्हणून क्रोमा, म्हणजे हिरव्या पडद्यापुढे शूट करून मागे गच्चीचं चित्र बसवायचं. स्टुडिओ माझ्या ताब्यात असतो, त्यामुळे लाइटिंगही माझ्याकडेच आलं.

हिरवा पडदा लावला की झालं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात लाइटिंग दोनदा करावं लागतं, एकदा पडद्याचं आणि एकदा माणसाचं. वेव्हफॉर्मवर (उजेड कुठे किती ते दाखवणाऱ्या आलेखावर) पडद्याची रेषा सपाट दिसेपर्यंत मी दोन्ही बाजूंचे सॉफ्टबॉक्स इंच-इंच सरकवत होते. पडदा चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप खाली, म्हणजे निम्म्या उजेडात ठेवला. मुलाला पडद्यापासून १० फूट पुढे उभं केलं. जवळ असला की हिरवा उजेड कानामागे आणि खांद्यांवर चढतो, आणि तो स्पिल काढता काढता कातडी राखाडी पडते. गच्चीच्या प्लेटमध्ये (मागे बसवायच्या चित्रात) सूर्य डावीकडे, खाली होता. म्हणून डावीकडून नारिंगी जेलचा लाइट, खांद्याच्या उंचीवर. पाऊण तास गेला, पण ती रेषा इतकी सरळ आली की मी मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवला.

मग दिग्दर्शन करणारी मुलगी म्हणाली, "मॅडम, वारा हवा ना."

उभा पंखा आणला. लावताक्षणी मागचं कापड फडफडलं, त्यावर सावल्या धावायला लागल्या आणि माझी रेषा नागमोडी झाली. केस उडत होते ते वेगळंच. चांगला कॅमेरा कपाटात असतो आणि विद्यार्थ्यांना द्यायचा नाही असा नियम आहे. तो कुणासाठी घेतलाय हे मला आजवर कळलेलं नाही. हातातला कॅमेरा ८ बिट, ४:२:० वाला, म्हणजे चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद. सेन्सरवर निम्मे पिक्सेल हिरवा टिपणारे असतात म्हणून आपण हिरवा पडदा लावतो, आणि मग रेकॉर्डिंगमध्ये रंगाचीच माहिती फेकून देतो. त्यात शटर १/५० सेकंद, त्यामुळे उडणारा प्रत्येक केस म्हणजे हिरवट पुसटशी रेघ. १/१०० केलं तर उजेड निम्मा, म्हणजे लाइटिंग पहिल्यापासून. एडिटिंगचे सर दारातूनच "पोस्टमध्ये बघू" म्हणून गेले. ते नेहमीच तसं म्हणतात, आणि बघतात विद्यार्थी.

"पंखा बंद करा," मी म्हटलं.

"पण मॅडम..."

"स्लॉट संपतोय."

बारा टेक झाले. की, म्हणजे हिरवा काढून मुलाला वेगळं करणं, एका क्लिकमध्ये निघाली, कडा अगदी सुरीने कापल्यासारख्या. मी खूश. पहिला कट वर्गात दाखवला तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "गच्ची आहे की पासपोर्ट फोटो?" सगळे हसले. इतक्या उंचावर उभ्या असलेल्या मुलाचा एक केस हलत नव्हता.

दिग्दर्शन करणाऱ्या मुलीने रशेस (शूटचं कच्चं फुटेज) पुन्हा उपसले. मी ओरडायच्या आधी कॅमेरा सुरूच होता, त्यात पंख्यासकट सात सेकंद सापडले. तिने शरीरासाठी एक की, केसांसाठी वेगळी सैल की काढली, मागची गच्ची थोडी आउट ऑफ फोकस केली, प्लेटवर किंचित धुकं टाकलं. केसांची कड उकळल्यासारखी हलते, डाव्या कानापाशी हिरवा ठिपका राहिलाय. पण तो मुलगा आता गच्चीवर आहे. दोन वेगळ्या की काढायच्या हे वर्गात मीच शिकवते. त्या दिवशी माझ्या तोंडून ते निघालं नाही, कारण माझं लक्ष त्या रेषेवर होतं.

आठवड्याने स्टुडिओ रिकामा होता. कापडाची खालची कड पाइपला क्लॅम्पने ताणून बांधली. छोटा टेबलफॅन जमिनीवर, बाजूने, तोंड वर करून ठेवला, म्हणजे वारा कापडापर्यंत जात नाही. शटर १/१००, सगळे लाइट जवळ ओढले. स्टुलावर विगचा पुतळा. पंचवीस मिनिटं लागली. केस उडत होते आणि की स्वच्छ निघाली.

ती फाइल माझ्या ड्राइव्हवर आहे. तिला अजून दाखवलेली नाही.