ग्रुपमधून काढलं, परत घेतलं: मधले तीन आठवडे

जूनच्या शेवटी मला एका ओढ्यावर तिबोटी खंड्याची जोडी दिसली. ओढा कुठला ते इथेही सांगणार नाही, सगळं भांडण तिथूनच सुरू झालं. हा पक्षी जेमतेम चिमणीएवढा, रंग मात्र कुणीतरी मुलाने सगळे खडू एकदम वापरल्यासारखे. ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून तो घरटं करतो. नर की मादी कोण जाणे, चोचीत सापसुरळी धरून बिळासमोरच्या काटकीवर बसला, तिला दोनदा फांदीवर आपटलं आणि मान वळवून थेट माझ्याकडे बघितलं. फोटो असा आला की सापसुरळीचे खवले मोजावेत.

व्हॉट्सॲप फोटोचा पार चोथा करतं, म्हणून आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर मी तो डॉक्युमेंट म्हणून टाकला. खाली एवढंच लिहिलं, "तिबोटी, आज सकाळी." ठिकाणाचा उल्लेख नाही. वीस मिनिटांत फोटोच्या जागी 'ॲडमिनने डिलीट केला' ही करडी ओळ. कारण नाही, फोन नाही.

मी ग्रुपवरच विचारलं. ॲडमिनदादांचं उत्तर आलं, "घरट्याचे फोटो आपल्याकडे चालत नाहीत, ताई."

"हा नियम कुठे लिहिलाय, दादा? मार्चमध्ये तुमच्याच बाल्कनीतलं शिंजिराचं घरटं तुम्ही पिल्लांसकट टाकलंत, ते कसं चाललं?"

आता मागे वळून बघता हे खासगीत विचारायला हवं होतं. ३०० च्या वर माणसं होती. दोघं माझ्या बाजूने आली, चौघं त्यांच्या, मध्येच एका मावशींनी सुप्रभात पाठवलं. रात्री साडेदहाला मी ग्रुपबाहेर होते. आणि काढून टाकलं की ते सगळ्यांना दिसतं, हा त्यातला खरा बोचरा भाग. सहा वर्षं ज्यांच्यासोबत रविवारी पहाटे भांडुप पंपिंग स्टेशनच्या चिखलात पक्षी बघत उभी राहिले, त्यांच्यासमोर माझी हकालपट्टी झाली होती.

पहिले चार दिवस मी फक्त चुका केल्या. नवा ग्रुप काढला. पाच जण आले, दोन दिवसांनी त्यावर फक्त मीच बोलत होते. मग वकील असलेल्या बहिणीला कामाला लावलं, कारण ॲडमिनदादांचं पालुपद असायचं, "उद्या काही झालं तर पोलीस मला धरतील." तिने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा २०२१ चा निकाल काढून दिला. सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं, तर त्यामागे समान हेतू किंवा आधी ठरवलेला कट दिसल्याशिवाय ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं त्यात आहे. मी विजयी मुद्रेने तो दुसऱ्या ॲडमिनना पाठवला. हे बँकेतून निवृत्त झालेले, सगळे त्यांना काका म्हणतात. त्यांचा एका ओळीचा मेसेज आला: "निकाल पोलिसांबद्दल आहे, बाळ. खंड्याबद्दल नाही. शनिवारी मुलुंडला ये."

स्टेशनजवळच्या उडप्याकडे बसलो. बाहेर मुसळधार. काकांनी चहा सांगितला आणि खिशातून मोबाइल काढला. माझी फाइल त्यांनी डिलीट व्हायच्या आधीच उतरवून घेतली होती. ती उघडली, तपशील दाबले. खाली नकाशा आला आणि त्यावर एक लाल टिपका. ओढा, वळण, सगळं.

मला काही क्षण बोलताच आलं नाही. माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही, पण तो मोबाइलला जोडणाऱ्या ॲपमध्ये लोकेशन मी कधीतरी चालू करून विसरले होते. साधा फोटो म्हणून पाठवला असता तर व्हॉट्सॲपने ही माहिती गाळून टाकली असती. डॉक्युमेंटमध्ये ती जशीच्या तशी जाते. चांगला दिसावा म्हणून पाठवला, आणि घराचा पत्ता वाटून बसले.

"एकाला कळलं की रविवारी पंधरा लेन्स येतात," काका म्हणाले. "मग कुणीतरी आड येणारी फांदी तोडतो. आणि १९७२ चा वन्यजीव कायदा वाचलायस? त्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्याच्या घरट्याला उपद्रव देणं येतं."

मी चूक कबूल केली. पण इडली संपेपर्यंत माझा मुद्दाही सोडला नाही. नकाशाचं कारण त्या रात्री एका ओळीत सांगितलं असतं तर मी स्वतःच फोटो डिलीट केला असता. दादांना ते माहीत होतं, सांगावंसं वाटलं नाही. काका यावर गप्प राहिले, म्हणजे त्यांना पटलं होतं.

मग दहाएक दिवस फोनाफोनी. नियम लिहायचे ठरले आणि त्यातच जास्त वेळ गेला. घरट्याचे फोटो वीण संपल्यावरच, त्याआधी नाही. ग्रुपवर ठिकाण विचारायचं नाही. मेसेज काढला तर कारण लिहायचं, माणसाला काढायचं तर आधी त्याला फोन करायचा. शेवटच्या अटीवर दादा दोन दिवस अडून बसले. "रात्री-अपरात्री फोन करत बसू का?" मी म्हटलं, "मग रात्री-अपरात्री काढू नका." बाल्कनीतली घरटी चालतील का, हे अजून ठरलेलं नाही. दादांचं म्हणणं, घर त्यांचं, पक्षीही त्यांचाच.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मला परत घेतलं. कुणी काही बोललं नाही, एका मावशींनी सुप्रभात पाठवलं.

ऑक्टोबरात, बीळ रिकामं झाल्याची खात्री करून, लोकेशन काढून टाकून मी तोच फोटो पुन्हा टाकला. पहिलंच उत्तर: "वा! लोकेशन प्लीज?" पाच मिनिटांत ते गायब झालं आणि खाली दादांची ओळ आली. "काढलं. कारण: नियम २."