वैनींच्या पहाटेच्या शिंका

आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळून गेलं की कुणालाही शिंक येते, आणि पुढं गेलं की थांबते. वैनींच्या शिंका तशा नव्हत्या. उठल्या उठल्या सुरू, एकामागून एक, हातातला तवा खाली ठेवावा लागायचा. डोळे लाल, नाकातून पाणी, ताप मात्र नाही. ही ॲलर्जी. निरुपद्रवी धुळीलाही शरीर शत्रू समजतं, पेशी हिस्टामिन नावाचं रसायन सोडतात आणि नाक हुळहुळतं.

आपल्याकडं पावसाळाभर घरात ओल. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांना तीच मानवते. गादी, उशी, गोधडी हे त्यांचं घर. म्हणून मी आधी गोधडीच धुवायला काढली, ६० अंशांच्या कढत पाण्यात, मग कडक उन्हात. केरसुणीनं धूळ उडवण्यापेक्षा ओलं फडकं बरं. बांधावरचं गाजरगवतही फुलायच्या आत उपटायचं, हातमोजे घालूनच.

नाक धुवायचं तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं थेट कधीच नको. सेटिरिझिन या ॲलर्जीवरच्या गोळीनं झोप येऊ शकते, तेव्हा ती घेऊन गाडी चालवू नका. डॉक्टरांनी नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा दिला, तर दोन दिवसांत सोडू नका. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागू शकतात. छातीत घरघर किंवा दम लागत असेल, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.